ग्राहक फोनवर वेबसाइट उघडतो आणि निघून जातो: आधी काय दुरुस्त करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: व्यवसायाची वेबसाइट काही वर्षांपूर्वी करून घेतली. कॉम्प्युटरवर ती चांगली दिसते. आता येणाऱ्यांपैकी बहुतेक जण फोनवरून येतात, पण चौकशीचा फॉर्म कुणी भरत नाही, फोन येत नाही, आणि लोक काही सेकंदांत निघून जातात. साइट करून देणारा म्हणतो, ‘साइट रिस्पॉन्सिव्हच आहे.’ दुसरा एक जण सुचवतो की सगळं नव्यानं करा किंवा ॲप काढा. यातलं नेमकं काय करावं?

माझं मत आधी सांगतो. ॲप नको, वेगळी मोबाइल साइटही नको, आणि बहुतेक वेळा सगळं मोडून नव्यानं करायचीही गरज नसते. फोनवरून आलेला माणूस काहीतरी काम घेऊन आलेला असतो. ते काम आहे त्या साइटवर कुठे अडतं ते शोधा आणि त्या जागा एकेक करून मोकळ्या करा. साइट रिस्पॉन्सिव्ह आहे याचा अर्थ मांडणी पडद्याच्या रुंदीप्रमाणे बदलते, इतकाच. मांडणी बदलूनही पान उघडायला वेळ लागत असेल, फोन नंबर शोधावा लागत असेल, फॉर्म अर्धा भरून पुसला जात असेल, तर ग्राहकाच्या दृष्टीनं साइट बंदच आहे.

पहिली तपासणी एका दुपारी होते आणि तिला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही. तुमचा स्वतःचा महागडा फोन बाजूला ठेवा. दोन-तीन वर्षं वापरलेला, मधल्या किमतीचा एखादा फोन घ्या. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर या. ब्राउझरची खासगी खिडकी उघडा, म्हणजे आधी साठवलेल्या फाइलींमुळे साइट खोटी वेगवान वाटणार नाही. मग तुमच्या धंद्याशी संबंध नसलेल्या कुणाच्या तरी हातात तो फोन द्या आणि एक काम सांगा: ‘हे लोक अमुक गोष्ट करतात का, साधारण किती पैसे लागतील, ते शोध आणि त्यांच्याशी संपर्क कर.’ त्यानंतर तुम्ही गप्प बसायचं. ‘वरच्या तीन रेघांवर दाब’ असं सुचवायचं नाही. त्याचा अंगठा कुठे थबकतो, कुठे तो झूम करतो, कुठे मागे जातो, एवढं लिहून घ्या. दोन-तीन माणसांकडून हे करून घेतलं की दुरुस्तीची यादी बहुतेक तयार होते. महागड्या अहवालांपेक्षा मी या यादीवर जास्त विश्वास ठेवतो.

डेव्हलपर मंडळी कॉम्प्युटरवर ब्राउझरची खिडकी अरुंद करून किंवा क्रोमच्या डिव्हाइस मोडमध्ये साइट दाखवतात. मांडणी बघायला ते ठीक आहे. पण त्यात फोनचा संथ प्रोसेसर नसतो, अर्धा पडदा झाकणारा कीबोर्ड नसतो, उन्हात फिका पडणारा पडदा नसतो आणि अंगठा तर नसतोच. साइट स्वीकारताना खऱ्या फोनवर बघितल्याशिवाय होकार देऊ नका.

आता तांत्रिक पाया. पानाच्या कोडच्या वरच्या भागात व्ह्यूपोर्ट नावाचा एक मेटा टॅग, म्हणजे ब्राउझरला दिलेली एक ओळीची सूचना, असावा लागतो. 2007 साली आयफोन आला तेव्हा जवळजवळ सगळ्या साइट कॉम्प्युटरसाठीच केलेल्या होत्या. म्हणून सफारी ब्राउझर पडदा 980 पिक्सेल रुंद आहे असं धरून पान आखायचा आणि मग ते आक्रसून दाखवायचा. तो टॅग नसला तर आजही असंच होतं आणि अक्षरं मुंगीएवढी दिसतात. टॅगमध्ये रुंदी ‘डिव्हाइस-विड्थ’ आणि सुरुवातीचं प्रमाण 1 एवढंच हवं. बऱ्याच जुन्या थीममध्ये, म्हणजे साइटच्या तयार साच्यांत, त्याच ओळीत झूम बंद करण्याची सूचनाही असते. ती काढून टाकायला सांगा. ज्यांची नजर कमी झाली आहे त्यांना झूम लागतोच, आणि ॲपलनं 2016 च्या आयओएस 10 पासून सफारीत ती सूचना मानणंच सोडून दिलं. झूम केल्यावर साइट विस्कटत असेल तर दोष मांडणीचा आहे.

पडद्याप्रमाणे बदलणाऱ्या मांडणीची कल्पना वेब डिझायनर ईथन मार्कॉट यांनी 2010 मध्ये मांडली: रुंदी टक्क्यांत मोजणारे रकाने, जागेप्रमाणे लहान होणारी चित्रं आणि रुंदीनुसार नियम बदलणाऱ्या मीडिया क्वेरी. आजच्या कुठल्याही बऱ्या थीममध्ये या तिन्ही गोष्टी असतात. तरीही पान आडवं सरकतं, कारण नंतर कुणीतरी त्यात भर घातलेली असते. दरांचा सहा रकान्यांचा तक्ता, ठरावीक रुंदीचा नकाशा किंवा व्हिडिओ, न तुटणारा लांबलचक ईमेल पत्ता, यांपैकी एक वस्तू जरी पडद्याबाहेर गेली तरी अख्खं पान डगमगतं. 320 पिक्सेल रुंदीवर एकही पान आडवं सरकू नये, अशी अट डेव्हलपरला घाला. सर्वांना वापरता याव्यात यासाठी वेबसाइटचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्या डब्ल्यूसीएजीमध्येही हीच रुंदी धरलेली आहे. तक्ता खरोखर गरजेचा असेल तर फक्त तो तक्ता त्याच्या चौकटीत आडवा सरकू द्या. त्याहून चांगलं म्हणजे फोनवर प्रत्येक ओळीचं एक वेगळं कार्ड करा. आणि दरपत्रक पीडीएफमध्ये ठेवत असाल तर ते साध्या पानावर आणा. ए4 आकाराचा कागद फोनवर चिमटीनं मोठा करत वाचणं हा ग्राहकाला दिलेला त्रास आहे, आणि पुष्कळ जण तो घेतच नाहीत.

फोनवर दोन-तीन रकाने एकाखाली एक येतात, तेव्हा वर कोण येतं याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. कॉम्प्युटरवर डावीकडे असलेली बातम्यांची पट्टी फोनवर सगळ्यात वर येऊन बसते आणि मुख्य मजकूर तीन पडदे खाली जातो. पहिल्या पडद्यावर तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: तुम्ही काय करता, कुणासाठी करता आणि संपर्क कसा करायचा. तिथे आपोआप फिरणारा स्लायडर असेल तर तो काढाच. त्यातली अक्षरं फोनवर वाचता येत नाहीत, वाचायला लागावं तोवर चित्र पालटतं, आणि पाचही मोठी चित्रं उतरवून घ्यायला वेळ जातो. त्याजागी एक चांगलं चित्र आणि खाली खऱ्या अक्षरांत एक स्पष्ट वाक्य पुरतं.

पहिला भाग ‘पूर्ण पडदा उंचीचा’ केला असेल तर आणखी एक गोम असते. फोनच्या ब्राउझरची पत्त्याची पट्टी कधी दिसते, कधी लपते. सीएसएसमधलं (मांडणीच्या कोडमधलं) 100व्हीएच, म्हणजे पडद्याची पूर्ण उंची, हे माप पट्टी लपलेली आहे असं धरून चालतं, त्यामुळे तळाशी ठेवलेलं बटण पहिल्यांदा पडद्याखाली जातं. 2022 पासून ब्राउझरांत आलेली एसव्हीएच आणि डीव्हीएच ही नवी मापं वापरली की हा प्रश्न सुटतो. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते केलेलं नसतं.

एक सल्ला वारंवार दिला जातो तो पाळू नका: ‘फोनवर एवढा मजकूर कोण वाचतो, अर्धा लपवून टाका.’ फोनवरचा माणूस कमी गंभीर असतो असं अजिबात नाही. मोठा खर्च ठरवण्याआधी लोक रात्री अंथरुणात पडून फोनवरच सगळं वाचतात. शिवाय गुगल आता साइटची मोबाइलवरची आवृत्ती बघूनच तिची नोंद करतं. हा बदल 2016 मध्ये जाहीर झाला, टप्प्याटप्प्यानं लागू झाला आणि 2023 च्या ऑक्टोबरमध्ये तो पूर्ण झाल्याचं गुगलनं सांगितलं. मोबाइलच्या आवृत्तीतून मजकूर काढून टाकलात तर शोधाच्या दृष्टीनं तो तुमच्या साइटवर उरतच नाही. लांब मजकूर उघडझाप होणाऱ्या मथळ्यांखाली ठेवला तर चालतं, पण तो पानात असला पाहिजे.

अंगठ्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. मोबाइलच्या वापराचे अभ्यासक स्टीव्हन हूबर यांनी 2013 मध्ये रस्त्यावर, गाडीत, कॅफेत फोन वापरणाऱ्या तेराशेहून जास्त लोकांचं निरीक्षण केलं. त्यांतल्या पडद्याला किंवा बटणांना बोट लावणाऱ्यांपैकी 49 टक्के लोक फोन एकाच हातात धरून अंगठ्यानं चालवत होते. तेव्हापासून पडदे वाढलेच आहेत, म्हणजे वरचा कोपरा आणखी लांब गेला. महत्त्वाचं बटण वर उजवीकडे ठेवण्याची कॉम्प्युटरवरची सवय म्हणूनच फोनवर नडते. बटण किती मोठं हवं? ॲपलची शिफारस 44 पॉइंट, अँड्रॉइडची 48 डीपी (वेबसाइटवर ही दोन्ही मापं पिक्सेलइतकीच धरा). डब्ल्यूसीएजीच्या 2023 च्या आवृत्तीत किमान 24 पिक्सेल म्हटलं आहे, पण ती किमान मर्यादा आहे, तिला उद्दिष्ट समजू नका. मी 48 धरतो आणि शेजारच्या बटणात किमान 8 पिक्सेल अंतर ठेवतो. सगळ्यात वाईट अवस्था पानाच्या तळाशी असते: बारीक अक्षरांत एकाखाली एक वीस लिंका, आणि एकीवर बोट ठेवलं की दुसरीच उघडते.

माउस वर नेल्यावर उघडणारे मेन्यू फोनवर तोंडघशी पडतात, कारण बोट हवेत तरंगवता येत नाही. काही ठिकाणी पहिल्या स्पर्शाला मेन्यू उघडतो, काही ठिकाणी थेट दुसरंच पान येतं. असे मेन्यू स्पर्शानं उघडणारे करून घ्या. तीन रेघांच्या मेन्यूला माझा विरोध नाही, लोकांना तो आता ओळखीचा झाला आहे. पण ‘फोन करा’ आणि ‘चौकशी’ या दोन गोष्टी त्याच्या पोटात दडवू नका. पडद्याच्या तळाशी एक बारीक स्थिर पट्टी ठेवून त्यात हे दोनच पर्याय द्या. ती पट्टी मजकूर किंवा फॉर्मचं ‘पाठवा’ बटण झाकत नाही ना, ते मात्र बघा.

फोन नंबर म्हणजे फोन लावणारी लिंक हवी. हे सांगायचीही गरज पडू नये, पण आजही नंबर चित्रात छापलेला असतो, आणि ग्राहक तो दोन-दोन आकडे लक्षात ठेवत डायल करतो. पत्त्यावर बोट ठेवलं की नकाशा उघडावा. कामाच्या वेळा साध्या अक्षरांत असाव्यात. या तीन गोष्टींसाठी डेव्हलपरला अर्धा दिवसही लागत नाही, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात आधी गुण येतो तो यांनाच.

आता फॉर्म. माणूस इथपर्यंत आला म्हणजे त्याला तुमच्याकडून काहीतरी हवं आहे. इथे तो गेला तर धंदा गेला.

पहिला प्रश्न रकान्यांचा. चौकशीसाठी नाव, संपर्क आणि काय हवं आहे, एवढं पुरतं. पूर्ण पत्ता, कंपनीचं नाव, ‘आमच्याबद्दल कुठे ऐकलंत’ हे सगळं नंतर बोलताना विचारता येतं. प्रत्येक रकान्यापुढे स्वतःला विचारा, हे कळलं नाही तर मी उत्तर देऊ शकणार नाही का? देऊ शकत असेन, तर रकाना काढायचा.

दुसरा प्रश्न कीबोर्डचा. फोन नंबरच्या रकान्याचा प्रकार ‘टेल’ ठेवला की मोठ्या आकड्यांचा कीबोर्ड उघडतो. ‘ईमेल’ ठेवला की ॲटचं चिन्ह समोर येतं. ओटीपीसारख्या आकडी रकान्याला इनपुटमोड ‘न्यूमेरिक’ द्यायचा. याहून मोलाचं म्हणजे ऑटोकम्प्लीट. रकान्याला योग्य खूण दिली की फोन स्वतःच नाव, नंबर, पत्ता सुचवतो आणि ग्राहकाला एक अक्षरही टाइप करावं लागत नाही. कित्येक साइटवर हे सुरक्षेच्या नावाखाली मुद्दाम बंद केलेलं आढळतं. चौकशीच्या फॉर्मला त्याची काहीही गरज नाही.

रकान्यातल्या अक्षरांचा आकार 16 पिक्सेलपेक्षा कमी असेल तर आयफोनवर रकान्यात बोट ठेवताच पान आपोआप मोठं होतं. माणूस गोंधळतो, पान मागे ओढतो, पुढच्या रकान्यात परत तेच. 16 केलं की थांबतं. रकान्याचं नाव रकान्याच्या वर लिहा. आतल्या फिकट अक्षरांत लिहिलेलं नाव टाइप करायला लागताच नाहीसं होतं, आणि मध्येच फोन वाजून लक्ष उडालं तर आपण काय भरत होतो ते कळेनासं होतं.

चुकांचे संदेश त्या-त्या रकान्याखाली आणि साध्या शब्दांत द्या. ‘अवैध इनपुट’ म्हणून काही उपयोग नाही. ‘फोन नंबरात एक आकडा कमी आहे’ असं सांगा. नंबरात कुणी मोकळी जागा सोडली किंवा आडवी रेघ घातली तर त्याला अडवू नका, ती काढून टाकणं हे प्रोग्रामचं काम आहे. आणि काहीही चुकलं तरी भरलेला मजकूर पुसला जाऊ नये. कमी मेमरीच्या फोनवर माणूस एखादा संदर्भ क्रमांक बघायला दुसऱ्या ॲपमध्ये गेला की मागे ब्राउझर पान सोडून देतो. परत येताच पान नव्यानं उघडतं आणि फॉर्म कोरा असतो. त्यामुळे दोन-तीन रकान्यांहून मोठा फॉर्म असेल तर भरलेलं त्याच फोनमध्ये साठवत राहण्याची सोय करून घ्या. पाठवल्यावर काय झालं, उत्तर कधी येईल, हेही स्पष्ट दिसू द्या. नाहीतर लोक तेच बटण चार वेळा दाबतात.

जवळपास कुणीच तपासत नाही अशी एक जागा आहे. चॅट किंवा समाजमाध्यमांच्या ॲपमधून तुमची लिंक उघडली की ती बऱ्याचदा त्या ॲपच्या पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडते. तिथे साठवलेले पासवर्ड नसतात, आधीचं लॉगिन नसतं, काही वेळा फाइल जोडता येत नाही, पैसे भरण्यासाठी दुसऱ्या ॲपमध्ये जाऊन परत येताना वाट चुकते. तुमचे ग्राहक अशा लिंकांवरून येत असतील, तर वरची दुपारची तपासणी त्या ॲपमधून लिंक उघडूनही करा. चौकशीपासून पैसे भरण्यापर्यंत सगळं तिथे चालायला हवं.

आता वेग. गुगलनं यासाठी तीन मापं ठरवली आहेत आणि ती समजून घेण्यासारखी आहेत. पानावरची सगळ्यात मोठी वस्तू 2.5 सेकंदांत दिसावी. बोट लावल्यावर 200 मिलिसेकंदांत पडद्यावर काहीतरी हालचाल व्हावी. आणि पान उघडताना मजकूर उड्या मारत असेल तर त्या उड्यांचा हिशेब 0.1 च्या आत राहावा. यांना अनुक्रमे एलसीपी, आयएनपी आणि सीएलएस म्हणतात. आयएनपीनं 2024 च्या मार्चमध्ये एफआयडी या आधीच्या मापाची जागा घेतली. ही मापं 75 टक्के भेटींत पाळली गेली पाहिजेत, म्हणजे जुने फोन आणि कमी रेंजवाल्यांनाही धरूनच हिशेब होतो.

पहिला गुन्हेगार जवळजवळ नेहमी चित्रंच. कॅमेऱ्यातून निघालेला फोटो चार हजार पिक्सेल रुंद आणि चार-पाच एमबीचा असतो, आणि तो तसाच साइटवर लावलेला असतो. फोनच्या पडद्याची रुंदी मांडणीच्या हिशेबानं साधारण 360 ते 430 पिक्सेल. पडदा तिप्पट घनतेचा धरला तरी 1200-1300 पिक्सेलच्या वरचं सगळं वाया जातं. एकाच चित्राच्या तीन-चार आकारांच्या प्रती ठेवून एसआरसीसेट या कोडमधल्या सूचनेनं त्यातली योग्य प्रत ब्राउझरला निवडू द्या. चित्रं वेबपी किंवा एव्हीआयएफ प्रकारात ठेवली तर वजन आणखी उतरतं. खालची चित्रं माणूस तिथपर्यंत आल्यावरच उतरू द्यावीत, याला लेझी लोडिंग म्हणतात. काही प्लगिन (साइटला जोडलेले तयार प्रोग्राम) मात्र सरसकट सगळ्या चित्रांना, अगदी पहिल्या पडद्यावरच्या मोठ्या चित्रालाही ते लावतात आणि एलसीपी उलट बिघडतं. त्या एका चित्राला यातून वगळा. प्रत्येक चित्राची रुंदी आणि उंची कोडमध्ये लिहिलेली असू द्या. मग ब्राउझर जागा आधीच राखून ठेवतो आणि मजकूर उडी मारत नाही. ती उडी किती वाईट असते ते सांगतो: माणूस ‘फोन करा’वर बोट नेतो, तेवढ्यात वर चित्र येऊन बसतं आणि बोट भलत्याच लिंकवर पडतं.

दुसरा गुन्हेगार बाहेरच्या स्क्रिप्ट, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे पानात घातलेले छोटे प्रोग्राम. चॅटची खिडकी, समाजमाध्यमांवरच्या पोस्टची पट्टी, भेटींची नोंद ठेवणारे तीन प्रकारचे ट्रॅकर, कधीतरी चालवलेल्या आणि संपलेल्या जाहिरातीचा कोड. कॉम्प्युटरवर हे जाणवत नाही. मधल्या फोनवर मात्र प्रोसेसर हे सगळं पचवत बसतो, पान दिसतं पण बोटाला दाद देत नाही. माझा नियम साधा आहे: प्रत्येक स्क्रिप्टपुढे माणसाचं नाव लिहायचं, ‘याचे आकडे कोण बघतं?’ नाव सापडलं नाही तर ती स्क्रिप्ट काढायची. चॅटची खिडकी ठेवायचीच असेल तर तिचं नुसतं बटण दाखवा आणि खरी खिडकी बोट लावल्यावर उतरू द्या. पार्श्वभूमीला आपोआप चालणारा व्हिडिओ असेल तर फोनसाठी तो बंदच करा. ग्राहकाच्या डेटा पॅकवर आपली सजावट चालवू नये.

तिसरी गोष्ट फॉन्ट. देवनागरीत जोडाक्षरांसाठी बरीच जास्तीची अक्षरचित्रं लागतात, म्हणून फाइल मोठी होते. पाच वजनांचे फॉन्ट लावण्याऐवजी साधं आणि ठळक अशी दोनच वजनं घ्या, वॉफ2 या वेबसाठीच्या हलक्या फाइल प्रकारात, आणि फॉन्ट येईपर्यंत फोनमधलाच फॉन्ट दिसू द्या. मजकूर मराठीत असेल तर ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा थोडं जास्त हवं, 1.6 ते 1.7 पट, म्हणजे वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांना भिडत नाहीत. इंग्रजी थीममध्ये मथळ्यांच्या अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडलेली असते, तिनं शिरोरेषा तुटते. ती शून्य करा. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक किमान 4.5 ला 1 हवा. पांढऱ्यावरचा फिका राखाडी मजकूर ऑफिसातल्या पडद्यावर देखणा दिसतो आणि उन्हात नाहीसा होतो.

सर्व्हरच संथ असेल तर पुढचं सगळं अडतं. कॅशे (तयार पान साठवून ठेवण्याची सोय) चालू आहे का, फाइली आक्रसून पाठवल्या जातात का, हे होस्टिंगवाल्याला विचारा. मी यावर जास्त वेळ घालवत नाही, कारण चित्रं आणि स्क्रिप्ट आवरल्यावर बहुतेक साइटचं काम भागतं.

पान उघडताच अख्खा पडदा झाकणारा पॉपअप काढून टाका. 2017 च्या जानेवारीपासून गुगल अशा मोबाइल पानांना शोधात मागे टाकू शकतं. तो नियम नसता तरी मी काढाच म्हटलं असतं. माणसानं एक ओळ वाचलेली नसताना त्याचा ईमेल मागणं उद्धटपणाचं आहे, आणि फोनवर ती बंद करायची फुली सापडतही नाही.

मोजायचं कसं? गुगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या साधनात तुमच्या साइटचा पत्ता टाका. वरच्या भागात खऱ्या भेटींचे गेल्या 28 दिवसांचे आकडे असतात, खाली एका कृत्रिम चाचणीचे गुण. लहान साइटला भेटी कमी असल्यानं वरचा भाग रिकामा असू शकतो. 100 पैकी गुणांच्या मागे लागू नका, तीन मापं हिरव्यात आली की पुरे. ‘गुगलच्या मोबाइल-फ्रेंडली टेस्टमध्ये साइट तपासा’ असा सल्ला कुठे वाचलात तर तो जुना आहे, ते साधन 2023 च्या डिसेंबरमध्ये बंद झालं. त्याहून महत्त्वाचे आकडे तुमचे स्वतःचे: फोनवरून किती जणांनी नंबरावर बोट लावलं, किती जणांनी फॉर्म सुरू केला आणि किती जणांनी पाठवला. सुरू करणारे आणि पाठवणारे यांत मोठी तफावत असेल तर वेग सोडून आधी फॉर्मकडे बघा.

ॲपबद्दल विचारलंत म्हणून: एकच ग्राहक तुमच्याकडे आठवड्यातून अनेकदा येत असेल तर ॲपचा विचार करावा. वर्षातून एकदा चौकशी करणारा माणूस त्यासाठी ॲप उतरवून घेणार नाही. पत्ता ‘एम’नं सुरू होणारी, फोनसाठीची वेगळी साइट म्हणजे मजकूर दोन ठिकाणी सांभाळणं, आणि एक जागा कायम मागे पडते. 2015 मध्ये गुगलनं आणलेल्या एएमपीचं (फोनवर झटपट उघडणारी पानं करण्याच्या एका पद्धतीचं) नाव कुणी घेतलं तर तेही टाळा. बातम्यांच्या साइटना शोधात वरची जागा मिळवण्यासाठी असलेली त्याची अट 2021 मध्येच गेली, आणि व्यवसायाच्या साइटला त्याची गरज कधीच नव्हती.

नव्यानं करण्याची वेळ येते ती दोनच परिस्थितींत. एक म्हणजे मांडणी ठरावीक रुंदीची आहे आणि कोडला हात लावणारा कुणी उरलेला नाही. दुसरी म्हणजे थीम किंवा पेज बिल्डर (तुकडे जोडून पान तयार करायचं साधन) इतका जड आहे की सगळं आवरूनही पान हलत नाही. तसं असेल तर डिझायनरला आधी फोनचा पडदा आखायला लावा. डिझायनर ल्यूक रोब्लेव्स्की यांनी 2009 पासून हाच क्रम सांगितला आहे, आणि त्याचा खरा फायदा हा की अरुंद जागेत काय आधी आणि काय नंतर हे ठरवावंच लागतं. कॉम्प्युटरची मांडणी त्यातून नंतर सहज निघते. करार करताना तीन मापं, 320 पिक्सेलची अट आणि दोन खऱ्या फोनवर केलेली तपासणी हे लेखी घ्या.

कामाचा क्रम मी असा लावतो: आधी फोनची लिंक आणि तळाची पट्टी, मग फॉर्म, मग पॉपअप आणि नको त्या स्क्रिप्ट काढणं, मग चित्रं, आणि शेवटी मांडणीतले बारकावे. एका वेळी एकच गट बदला आणि पुढच्याला हात लावण्याआधी तुमचे स्वतःचे आकडे दोन-तीन आठवडे बघा. नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळत नाही.

एक गोष्ट मात्र आजच ठरवून टाका. दुरुस्त केलेली साइट सहा महिन्यांत परत जड होते, कारण ऑफिसमधलं कुणीतरी पाच एमबीचे फोटो टाकत राहतं आणि जाहिरातवाला नवा ट्रॅकर लावून जातो. फोटो अपलोड होतानाच आपोआप लहान व्हावा अशी सोय डेव्हलपरकडून करून घ्या, आणि साइटवर नवा कोड लावण्याची परवानगी एकाच माणसाकडे ठेवा.